ओढ्यापलीकडची चाळीस झाडं

कारिसाल
३० जून २०२४

अब्दोन,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही, तूही अपेक्षा धरू नकोस. फोन केला की माझा आवाज ऐकून तू तो मधेच कापतोस, म्हणून हे पत्र. स्पेनला पार्सलं पाठवणाऱ्या कचेरीत देते आहे. सोबत माझ्या चॉकलेटच्या सहा वड्या आहेत. खायच्या तर खा, नाहीतर ज्याच्या शेतात ब्रोकोली तोडतोस त्या मालकाला दे.

काम एवढंच आहे, की एका कोऱ्या कागदावर लिहायचं, 'मी, अब्दोन इंत्रियागो, आमच्या म्हातारी नावाच्या कोकोच्या झाडाची एकही काडी कधी कोणाला कलमाला दिली नाही,' खाली सही करायची आणि पाठवायचा. तिकडचं हवापाणी कळवायची तसदी घेऊ नकोस.

का, ते सांगते. ओढ्यापलीकडचा सोतेरो पारागा मेला. पंधरा तारखेला, शनिवारी. कोयत्यांचं भांडण झालं. माझा नवरा, एलिएसेर, तुरुंगात आहे. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं सोतेरोच्या खळ्यावर पडली आणि त्यातलं एक कोंबडी घेऊन पळाली. हे मी पाहिलं. म्हणजे, मला लोकांनी सांगितलं.

पण सुरुवात आमची नाही. मे महिन्यात दोनदा, दोन्ही वेळा रविवारी, आम्ही कोंबड्यांच्या झुंजीला गेलेलो असताना आपल्या आंबवणाच्या पेट्या कुणी रिकाम्या केल्या. तीन दिवस आंबलेल्या बिया, ओल्या, गरम, तशाच पोत्यांत भरून नेल्या. दुसऱ्या वेळी आपल्या गड्याला, सेनोबियोला, झाडाला बांधून त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर कुऱ्हाडीची बोथट बाजू हाणली. तो अजून कुबड्यांवर चालतो आणि वळणावर मोटारसायकल वाजली की लघवी करतो. कोकोचा भाव आभाळाला टेकलाय, तेव्हापासून डोंगरात सगळीकडे हेच चाललंय.

त्या दुसऱ्या चोरीत म्हातारीची पेटी गेली. त्या झाडाच्या बिया मी वेगळ्या लहान पेटीत आंबवते, वेगळ्या भाजते, वेगळ्या दळते. वर्षाला तीनशे वड्या निघतात. सेंद्रियवाले तपासनीस येतात ते आधी टेकडी चढून म्हातारीला भेटतात, मग माझ्या हातची कॉफी घेतात. पणजोबांनी लावलेलं हे एक झाड या घराची अब्रू आहे. बाबा म्हणायचे ते तू विसरला नसशील, 'हिची एक काडी ओढ्यापलीकडे गेली तर देणारा आणि घेणारा, दोघांना एकाच खड्ड्यात पुरीन.' म्हणून आजवर हिचं कलम कुणाकडे झालं नाही.

मग चोनेची जत्रा. सोतेरोच्या पोरीने, औरिस्तेलाने, टेबल मांडलं होतं. हो, तीच. लग्न केलं नाही तिने. आता तीही चॉकलेट करते, केळीच्या पानात बांधून विकते. मी एक वडी घेतली आणि जिभेवर ठेवली. अब्दोन, आधी जाईचा वास. मग भाजलेलं केळं. मग घशाच्या तोंडाशी तो तुरटपणा, जो या अख्ख्या डोंगरात एकाच झाडाला आहे. माझी जीभ चुकत नाही. आठ वाट्या झाकून ठेव, आठही शेतं मी नावानिशी सांगते.

मी भर जत्रेत ओरडले, "ही आमची म्हातारी आहे! चोर आहात तुम्ही, बाप आणि लेक!" ती म्हणाली, "ही आमच्या झाडांची आहे, क्लेओताई." बस्स, एवढंच. मान खाली. निरपराध माणूस असा गप्प बसतो का?

एलिएसेर आणि त्याचे दोघे भाऊ सोतेरोला विचारायला गेले. मी जत्रेत थांबले. पुढचं तुला सांगितलं.

आता बापाला पुरून झाल्यावर या बाईला कंठ फुटलाय. सगळ्यांना सांगत सुटली आहे, की चाळीस झाडांवर म्हातारीची कलमं आहेत आणि ती अब्दोनने जाण्याआधी स्वतः बांधून दिली. कोकोवाल्यांच्या संघटनेत मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी पळून गेलेल्याच्या नावावर काय वाटेल ते खपवता येतं. पण अध्यक्ष म्हणतात, पोरीने नाव घेतलंय तर त्यालाच विचारा. तुझा कागद आला, की तिला संघटनेतून काढायचं आणि डोंगर उतरवायचं.

एक ओळ आणि सही. घरासाठी अकरा वर्षांत काही केलं नाहीस, एवढं कर.

क्लेओतिल्दे


कारिसाल
२१ जुलै

अब्दोन,

पार्सल तुला पोहोचल्याची पावती माझ्याकडे आली आहे. सही तुझीच आहे, शेवटचं अक्षर अजून तसंच शेपटासारखं ओढतोस. म्हणजे हात शाबूत आहे. मग अडलंय कुठे?

मागच्या पत्रात एक गोष्ट बरोबर लिहिली नव्हती. मी जत्रेत थांबले नव्हते. ट्रकमध्ये मीच पुढे बसले होते.

सोतेरो खळ्यावर अनवाणी उभा राहून लाकडी फावड्याने बिया हलवत होता. एकटाच होता. एलिएसेर उतरतानाच ओरडला, "ए म्हाताऱ्या! माझ्या बायकोचं झाड चाटून झालं का?"

सोतेरोने वरही पाहिलं नाही. "पाय धुऊन ये आधी. वाळवणावर शेण आणू नकोस."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

"चोर कोण म्हणतंय?"

"मी म्हणते," मी म्हटलं.

तेव्हा त्याने वर पाहिलं. फावडं भिंतीला नीट टेकवून ठेवलं. पिंपात एक पोतं बुडवलं, पिळलं, डाव्या हाताला गुंडाळलं आणि मग कुडाला खोचलेला कोयता काढला. सगळं सावकाश, रोजचं काम करावं तसं. एलिएसेरचा धाकटा भाऊ हसला, "अरे, आजोबा नाचणार वाटतं." पुढच्याच क्षणी त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला होता आणि आतले दात बाहेरून दिसत होते.

असा कोयता चालवताना मी पुन्हा कुणाला पाहणार नाही. सदुसष्ट वर्षांचा माणूस. तीन धिप्पाड गडी त्याच्याभोवती फिरत होते आणि तो ओल्या पोत्यावर घाव झेलत होता, पाय न उचलता सरकत होता, कारण पायाखाली बिया होत्या. मधल्या भावाच्या मांडीत त्याने चार बोटं खोल पातं घातलं. मग एलिएसेरची बोटं. एलिएसेरचा कोयता खणखणत लांब जाऊन पडला आणि तो गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने बियांमध्ये आपली बोटं चाचपायला लागला. माझा नवरा गुरासारखा ओरडत होता, अब्दोन. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग सोतेरो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "काडी कुठून आली ते तुझ्या भावाला विचार."

इतक्या रक्तातसुद्धा माणसाला टोमणा सुचतो! तू त्याच्या पोरीसाठी कसा वेडा झाला होतास, बाबांनी तुला चर्चसमोर कोयत्याच्या सपाट बाजूने कसं झोडलं आणि तू कसा तोंड काळं करून गेलास, हेच त्याला मला ऐकवायचं होतं. त्या दिवशी बाबांना सोडवायला मीही मधे पडले नव्हते, म्हणूनच ते इतकं लागलं असेल. त्यानंतर एलिएसेरने डाव्या हाताने घाव घातला. मानेवर. सोतेरोला मरायला वेळ लागला. टाचा घासून घासून त्याने वाळवणात दोन चर पाडले.

त्याच्याकडे ती चाळीस झाडं खरोखर आहेत. मी ओढा ओलांडून बघून आले. एक शेंग फोडून गर चोखला. म्हातारीच आहे. म्हणजे त्याने बिया चोरल्या नसतील, काड्या चोरल्या असतील. चोरी ती चोरीच. तू दिल्या नाहीस म्हणजे त्याने चोरल्या, तिसरा रस्ता नाही. एलिएसेरच्या भावांनी अकरा झाडांची साल बुंध्याशी गोल काढून टाकली आहे, ती आता उभ्या उभ्या वाळतील. पोरीच्या आंबवणाच्या पेट्या गावातल्या लोकांनी खळ्यावर जाळल्या. उरलेल्या झाडांसाठी ते फक्त तुझ्या कागदाची वाट बघताहेत.

मी वाट बघत नाही, मी मागते आहे. पाठव.

क्लेओतिल्दे


कारिसाल
१२ ऑगस्ट

अब्दोन,

काल रविवार. मी एलिएसेरला भेटायला तुरुंगात गेले होते. त्याच्या हाताला पू झालाय. तिथल्या टोळीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचे बूट काढून घेतले आणि आधी दिले नाहीत म्हणून दोन दात पाडले. तो मला म्हणाला, "क्लेओ, अजून किती?" मी म्हटलं, कागद येऊ दे, चोराला मारलं म्हटल्यावर न्यायाधीश नरम पडेल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसले.

संध्याकाळी घरी आले तर पेट्या रिकाम्या. चारही. कुत्र्याचा गळा चिरून त्याला दाराच्या कडीला टांगलेलं, आणि सेनोबियो पलंगाखाली. तो म्हणतो, चौघे होते, शहरी बोलत होते, एकाच्या हातात बंदूक होती. मे महिन्यातलेच आवाज होते, असंही म्हणतो.

सोतेरो तर जमिनीखाली आहे.

त्याचे साथीदार असतील, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं.  सगळ्यांना एकदम आपापली जनावरं आठवली आणि सगळे पांगले.

आज सकाळी कुत्र्याचं रक्त लागलेलं फडकं धुवायला ओढ्यावर गेले. पलीकडे औरिस्तेला नव्या पेटीच्या फळ्या घासत होती.

"पुन्हा पेट्या फुटल्या म्हणे, क्लेओताई?"

मी फडकं दगडावर आपटलं.

"बापाला उकरून बघा. त्याच्या खिशात असतील."

"तोंड सांभाळ, औरिस्तेला."

"सांभाळलंच होतं की. आम्ही दोघांनी अकरा वर्षं सांभाळलं. काय मिळालं?" तिने ब्रश पाण्यात बुडवला. "एक विचारू? माझ्या बापाला मी धुतलंय. तुमच्या नवऱ्याचा कोयता रुंद पात्याचा. मानेवरची जखम मात्र पुढून मागे ओढलेली होती, आणि आत वळलेली. असा कोयता कुठे मिळतो?"

मी फडकं तिथेच टाकून घरी आले.

पोलिसांना हे सुचलं नाही. त्यांनी एलिएसेरचा कोयता नेला. त्यावर एलिएसेरचंच रक्त होतं, आणि त्यांना रक्त असलं की पुरतं. शेंगा काढायची लांब आकडी त्या दिवशी ट्रकमध्ये का होती, परत आल्यावर मी ती राख लावून का घासली, हे कुणी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

फक्त कागद पाठव. माझ्यासाठी नको तर एलिएसेरसाठी. तू दिल्या नव्हत्यास ना? सांग ना रे. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास, बाबांसमोर तुझी मान वर व्हायची नाही, तू कुठला देणार? मी देवाला तेच सांगते आहे.

क्लेओ


कारिसाल
२ सप्टेंबर

अब्दोन,

तुझं पत्र चोवीस ऑगस्टला आलं. नऊ दिवस ते मक्याच्या पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. रोज काढून वाचत होते, की कुठेतरी 'नाही' असा शब्द राहून गेला असेल. राहिला नव्हता.

'ताई, मी दिल्या,' असं सरळ लिहिलंस. 'जाण्याआधीच्या आठवड्यात. बाबा दुपारी झोपले, की टेकडीवरून काड्या तोडायचो, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून ओढा ओलांडायचो. चाळीस झाडांवर कलमाचे डोळे मीच भरले, आणि सगळे लागले हे तुझ्याच पत्रातून कळलं. तिच्या बापाने माझ्याकडून काही घेतलं नाही, मीच दिलं, तिच्यासाठी. बाबा त्याला मारतील या भीतीने मी त्याच्याकडून शब्द घेतला, की माझं नाव त्याच्या किंवा औरिस्तेलाच्या तोंडून निघणार नाही. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला.' आणि शेवटी विचारतोस, 'ती कशी आहे?'

कशी आहे? तिच्या बापाच्या नावाने पोरं दगड मारतात, तशी आहे!

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते तुझ्यासाठीच. बाबांच्या नाकाखालून घराची अब्रू उचलून दिलीस आणि समुद्रापार जाऊन बसलास. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? बाबांना सांगितलं असतं, हे खरंय. पण मग झोडपाझोडपीवर भागलं असतं, कुणी मेलं नसतं. की मेलं असतं? मला कळत नाही. मी तुझ्यावर इतकी संतापले आहे की हे लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

आता माझं ऐक. कुणाला न सांगितलेलं सांगते.

एलिएसेर खाली बसला, बोटं शोधायला लागला, तेव्हा भांडण संपलं होतं. सोतेरोने कोयता खाली केला होता. नुसता खाली नाही, टोक जमिनीला टेकवलं होतं, काठीसारखं. दम खात होता. तुला विचार म्हणाला, आणि परत तिकडे वळून एलिएसेरच्या हाताला बांधायला हातावरचं ओलं पोतं सोडवत होता. आता आठवतं तर ते पोतंच डोळ्यांसमोर येतं. म्हणजे त्याची पाठ माझ्याकडे होती. आकडी माझ्या हातात होती. सहा हात लांब बांबू, टोकाला वाकडं पातं. उंच फांदीवरची शेंग देठाशी गाठायची आणि एका झटक्यात ओढायची, लहानपणापासून मी तेच करते आले आहे. तुला माहीत आहे माझा नेम किती चांगला आहे.

मी ओढली.

तो पडल्यावर एलिएसेरने माझ्याकडे बघून म्हटलं, "आकडी टाक ट्रकमध्ये. मी केलं हे. ऐकलंस? मी केलं." रक्ताने भिजलेल्या हाताने तो माझे गाल पुसत होता. आणि मी ते चालवून घेतलं. एकोणऐंशी दिवस चालवून घेतलं.

माझ्या जिभेने चव ओळखली, ती खरी होती. मी चव ओळखली आणि वाटलं, सगळंच ओळखलं.

शनिवारी एलिएसेरचे भाऊ करवत घेऊन येणार आहेत, उरलेली एकोणतीस झाडं पाडायला. कागद आला का, असं रोज विचारतात. धाकट्याचा गाल वाकडा शिवला गेलाय, त्यामुळे विचारताना तो हसतोय असं वाटतं. अजून तरी मी 'नाही' म्हणते आहे. तुझं पत्र चुलीत घातलं तर कुणाला कळणार नाही. झाडं पडतील, पोरगी डोंगर उतरेल, सोतेरो चोर राहील आणि एलिएसेर तुरुंगात सडेल. काल चूल पेटवून समोर बसलेही होते. बोळा करून हातात धरला होता. मग मला तो पोतं सोडवताना दिसला आणि मी चुलीत पाणी ओतलं.

शुक्रवारी संघटनेची बैठक तिच्याच खळ्यावर ठेवायला सांगितली आहे. मी तुझं पत्र वाचणार, आणि त्यानंतर माझं सांगणार. मला भीती वाटते, अब्दोन. देवाशपथ खूप भीती वाटते. तिथे सगळ्यांच्या कमरेला कोयते असतात.

क्लेओ


चोने, सरकारी दवाखाना, बायकांची खोली
२० सप्टेंबर

अब्दोन,

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगते आहे आणि औरिस्तेला लिहिते आहे. माझा उजवा हात मनगटापासून नाही.

परवा ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "भावाला कळवायचं असेल तर सांगा. एक शब्द खोटा निघाला तर उठून जाईन." म्हणून नीट सांगते.

शुक्रवारी तीसेक माणसं होती. मी तुझं पत्र वाचलं. अध्यक्षांनी ते हातात घेऊन पुन्हा वाचलं, सही बघितली आणि टोपी काढली. मग एकेकाने टोप्या काढल्या. ज्यांनी पेट्या जाळल्या त्यांनीही. दिरांनी माना फिरवल्या. औरिस्तेला पायरीवर बसली होती, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, इथेच थांबावं. इतकं पुरे आहे, झाडं वाचली, सोतेरोचं नाव धुतलं गेलं. मग तीच म्हणाली, "आणि जखम, क्लेओताई?"

मी सांगितलं. आकडी, पाठ, पोतं, सगळं.

धाकटा दीर ओरडला, "वहिनी, गप्प बसा!"  औरिस्तेला उठली, घाई न करता चालत आली आणि तिने कोयता उपसला. कुणी मधे आलं नाही. येऊ नये असंच मलाही वाटत होतं, पण शरीराला कळत नाही, त्याने हात वर केला. मी खाली पडले तेव्हा हात माझ्या आधी पडलेला दिसला. तो मुठीसारखा मिटत होता. तिने कोयता पुन्हा उचलला. मी मान झाकली नाही. मग तिने तो फेकला, आपल्या डोक्याचं फडकं काढलं आणि माझ्या दंडाला इतकं आवळून बांधलं की मी शुद्धीवरच राहिले. ट्रकमध्येही माझा दंड तिनेच धरला होता. वाटेत एकदा म्हणाली, "मरू नका. इतक्या स्वस्तात नाही."

पोलिसांना मी सांगितलं, शेंगा फोडताना कोयता निसटला. त्यांच्यातला एक म्हणाला, "उजव्या हाताने स्वतःचाच उजवा हात तोडलात?" मी म्हटलं, तसंच लिहा. सोतेरोचं मात्र सगळं खरं लिहून दिलंय, आणि डाव्या हाताचा अंगठा उठवलाय. दाराबाहेर एक पोलीसबाई बसलेली असते. टाके निघाले की मला नेतील. एलिएसेरला सोडतील असं वकील म्हणतो. त्याने निरोप पाठवलाय, 'वेडी आहेस'. मला ते वाचून रडू आलं.

एकोणतीस झाडं उभी आहेत. त्यांना कुणी हात लावणार नाही.

मला तुझा राग अजून येतो. पण तू खरं लिहिलंस. खोटं लिहून पाठवलं असतंस तर मी ते आनंदाने वाचून दाखवलं असतं, हे मला माहीत आहे, आणि त्याच गोष्टीने मला झोप लागत नाही.

तुझी बहीण,
क्लेओ

*

अब्दोन, तुझी बहीण झोपली. आता पुढचं माझं आहे.

मी मानेवरच घाव घातला होता. तिने हात वर केला म्हणून ती जिवंत आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. रोज इथे का येते, तेही ठाऊक नाही. तिला डाव्या हाताने जेवता येत नाही, सगळं अंगावर सांडते, आणि दुसरं कुणी येत नाही.

पण मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझा बाप तीन वर्षांपूर्वी गेला. ज्याच्या भीतीने तू शब्द घेतलास, तो माणूसच उरला नाही. त्या दिवशी माझ्या बापाने नवा सदरा घातला आणि ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "आता अब्दोनचं पत्र येईल." महिनाभर तो पार्सलवाल्याच्या गाडीचा आवाज आला की उठायचा. मी म्हणायची, बाबा, सांगून टाका आता, कुणाला घाबरायचं? तो म्हणायचा, "शब्द त्याने घेतलाय, तोच परत घेईल. माझा नाही तो मोडायला." जत्रेत तुझी बहीण मला चोर म्हणाली तेव्हा मीही जीभ चावून गप्प राहिले, कारण शब्द माझ्या बापाचा होता. मी बोलले असते तर तो आज असता. ते मी माझ्याजवळ ठेवते.

खळ्यावर तीन कोयते समोर असतानाही त्याने तो पुरता मोडला नाही. नुसतं, भावाला विचार, एवढंच म्हणाला.

तू मला विसरलास त्याचं मी काही म्हणत नाही. वीस वर्षांचा होतास. पण त्याला विसरायला नको होतंस. तीन वर्षांत कधीही, चार शब्द लिहायचे होते. सोतेरोकाका, आता सांगा सगळ्यांना.

औरिस्तेला पारागा